शंभर यार्डांपलीकडचा बाक

दोन दिवस ठेला बंद होता. तिसऱ्या दिवशी, जानेवारीतल्या एका मंगळवारी सकाळी, रुपराव एकटेच आले. त्यांच्या डोक्यावरचे केस काढलेले होते. त्यांनी कुलूप उघडले नाही, शेगडी पेटवली नाही. माझ्यावर येऊन बसले आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून कॉलेजच्या फाटकाकडे पाहत राहिले. त्यांची बायको पंचफुलाबाई गेली, हे मला तेव्हा कळले.

मित्रांनो, मी लाकडाचा बाक आहे. सक्करदऱ्याच्या पुढे एक इंजिनिअरिंग कॉलेज आहे, त्याच्या रस्त्यावर रुपरावांच्या चहाच्या ठेल्यापाशी मी असतो. वय नऊ वर्षे. तुम्हाला ते थोडे वाटेल, पण नागपुरातले नऊ उन्हाळे उघड्यावर काढून पाहा. माझ्या फळ्यांना चिरा पडल्या आहेत. कोणी मला म्हातारा म्हटले तरी राग येत नाही.

त्या मंगळवारी थोड्या वेळाने पोरे आली. नेहमीचे पाच जण. ठेला बंद पाहून त्यांनी विचारले, काकाजी, आजही चहा नाही का. रुपराव म्हणाले, "तुमची मावशी वारली बावा. रविवारी सकाळी."

पोरे उभीच राहिली. त्यातला पियूष नावाचा मुलगा रुपरावांच्या शेजारी बसला. त्याचे डोळे भरले होते. त्याने खिशात हात घातला, मला वाटले रुमाल काढतो आहे. त्याने सिगारेट काढली आणि पेटवली. मग दुसऱ्याने पेटवली. मग पाचही जणांनी.

पंचफुलाबाईंना फुप्फुसांचा आजार होता. शेवटी शेवटी त्यांना श्वास पुरत नव्हता. हे त्या पाचही पोरांना ठाऊक होते. दोघे तर दवाखान्यात भेटूनही आले होते. आणि त्यांच्याच दुःखात, त्यांच्याच ठेल्यासमोर, ही पोरे डोळे पुसत धूर काढत होती. त्यांचे दुःख खोटे नव्हते, हे मी शपथेवर सांगतो. रुपराव धुराकडे पाहत होते.

मला त्याचा अर्थ लागला नाही. अजून लागलेला नाही. म्हणून मी माझी हकीकत पहिल्यापासून सांगतो. तुम्ही कॉलेजात जाणारी, किंवा उद्या जाणारी मुले आहात. तुम्हाला कदाचित लागेल.

माझा जन्म लकडगंजातला. रुपराव तिथल्या एका आरामशीनवर बत्तीस वर्षे लाकूड कापायला होते. मशीन बंद पडली तेव्हा त्यांनी आणि पंचफुलाबाईंनी कॉलेजसमोर ठेला टाकला. चहा, पोहे, बिस्किटे. सिगारेट ठेवायची की नाही यावरून नवरा-बायकोत आठ दिवस अबोला होता म्हणे. रुपरावांचे म्हणणे असे की सिगारेट नसली तर पोरे चहालाही थांबत नाहीत, पुढच्या ठेल्यावर जातात. ते खरेही होते. शेवटी सिगारेट आली, पण पंचफुलाबाईंनी एक गोष्ट पाळली. आपल्याकडे मीठ-मिरची कोणी हातातून हातात देत नाही. खाली ठेवतात, ज्याला हवी त्याने उचलायची. त्यांनी सिगारेटचे तसेच केले. पाकिटे फोडून एका बरणीत ठेवली, बरणी फळीच्या कडेला ठेवली. ज्याला हवी तो आपणच त्यातून घ्यायचा आणि त्या तोंड दुसरीकडे फिरवायच्या. आपल्या हाताने दिली नाही, तर आपल्या हाताने कोणाचे वाईट झाले नाही, असे त्यांना मनापासून वाटत होते.

मग एक दिवस तपासणीची माणसे आली. कॉलेजपासून शंभर यार्डांच्या आत सिगारेट विकायची नाही असा कायदा आहे, ठेला हलवा, असे सांगून गेली. शंभर यार्ड म्हणजे तीनशे फूट. रुपरावांकडे आरामशीनवरचा तीस फुटांचा टेप होता. एप्रिलच्या उन्हात त्यांनी फाटकापासून तो दहा वेळा लावला. एक टोक त्यांच्या हातात, दुसरे पंचफुलाबाईंच्या. पोरे बाजूने चालत मोठ्याने मोजत होती. सहा झाले की टाळ्या, सात झाले की टाळ्या. दहावा टेप एका कडुनिंबाखाली संपला. रुपराव प्रामाणिक माणूस, त्यांनी ठेला आणखी चार पावले पुढे नेला.

आता झाले असे की पोरांना उन्हात एवढे चालत यावे लागणार. पंचफुलाबाईंच्या जिवाला ते लागले. त्या म्हणाल्या, "पोट्टे घामाघूम होऊन येतीन, त्याईले बसाले तं काही पाहिजे." म्हणून रुपरावांनी लकडगंजातल्या नत्थू मिस्त्रीला सांगितले आणि नत्थूने उरलेल्या सागाच्या फळ्यांतून मला बनवले. पाच माणसे बसतील एवढा लांब. ठेल्यावर आलो त्या दिवशी पंचफुलाबाईंनी माझ्यावर पाणी शिंपडले आणि हळदकुंकू लावले. सिगारेट लांब जावी म्हणून कायदा आला होता, आणि त्या कायद्यापायी मी आलो.

मी यायच्या आधी पोरे उभ्याने चहा प्यायची आणि पाच मिनिटांत परत जायची. मी आल्यावर ती बसू लागली. बसली की बोलू लागली, बोलू लागली की उठेनात. माझे फार कौतुक झाले. पोरांनी माझ्यावर नावे कोरली, वाढदिवसाचे केक कापले, निकालाच्या दिवशी माझ्यावर उभे राहून नाचली. एका मुलाने तर नोकरी लागल्यावर माझे पेढ्याने तोंड गोड केले, म्हणजे पेढा फळीला चोळला. मुंग्यांनी मला दोन दिवस सोडले नाही.

पण हळूहळू माझ्यावर एक रीत पडली. ती कोणी ठरवली नव्हती. ज्याच्या हातात सिगारेट तो मधे बसायचा. ज्याच्या हातात नाही तो कडेला. गर्दी झाली की कडेचा उठायचा, मधला कधी उठायचा नाही. गोष्टी, थट्टा, परीक्षेत काय येणार याच्या बातम्या, सगळे मधे चालायचे. कडेच्या माणसाला ते अर्धे ऐकू यायचे. मी सात फुटांचा बाक. एवढ्याशा लांबीत इतके अंतर कसे मावते, हे मला समजायचे नाही.

पंचफुलाबाई प्रत्येकाला विचारायच्या, काहून ओढतं गा? उत्तरे मी मोजणे सोडून दिले. एक म्हणाला, पेपर वाईट गेला म्हणून. त्याच दिवशी दुसरा म्हणाला, पेपर चांगला गेला म्हणून. कोणी थंडीचे नाव घ्यायचा, कोणी उन्हाळ्यात कूलरसमोर झोप येते म्हणून. एकाची मैत्रीण सोडून गेली होती, एकाला नवी मिळाली होती. करिष्मा नावाची एक मुलगी होती. तिने सिगारेट पेटवली तेव्हा पंचफुलाबाई तिला फार बोलल्या. ती शांतपणे म्हणाली, "मावशी, हे चौघं माह्या आधीपासून बसून ओढून राहिले. त्याईले तं तुम्ही काही नाही म्हटलं." पंचफुलाबाईंना ते पटले. त्या दिवसापासून त्या चौघांनाही तितकेच बोलू लागल्या. करिष्माने मात्र सोडली नाही. ती पुढे म्हणाली होती की घरी प्रत्येक गोष्ट मला विचारूनच करावी लागते, ही एकच गोष्ट मी न विचारता केली. मला तेही खरे वाटले. सगळेच खरे वाटायचे, आणि एकही कारण पुरे वाटायचे नाही.

आता पियूषचे सांगतो. तो चार वर्षांपूर्वी आला. कामठीच्या पलीकडच्या एका गावातला शेतकऱ्याचा मुलगा. सकाळी बसने कामठी, तिथून ऑटो, मग दुसरी बस. कॉलेजात बरीच पोरे हिंदीत बोलायची, त्याला हिंदी यायची पण तोंडातून निघायची नाही. तो माझ्या उजव्या कडेला बसून डबा खायचा. दोन महिने एकटा खायचा. डबा मांडीवर, झाकण अर्धे लावलेले, भाजी कोणाला दिसू नये असे. पंचफुलाबाईंना मूल नव्हते. त्या त्याच्या डब्यात न विचारता लोणचे टाकायच्या. एकदा त्याने घरून त्यांच्यासाठी पिशवीभर बोरे आणली. त्या दिवशी त्यांनी आल्यागेल्याला ती बोरे दाखवली, पण एकालाही खायला दिली नाहीत.

तिसऱ्या वर्षाचा धर्मेंद्र म्हणून एक दांडगा मुलगा होता. मनाने वाईट नव्हता. एका दुपारी त्याची नजर कडेच्या पोराकडे गेली. त्याने बरणीतून दोन सिगारेटी घेतल्या, एक पियूषपुढे धरली आणि विचारले, "नाव काय गा तुयं? कोण्या गावचा?" पियूषने नाव सांगितले, गाव सांगितले आणि सिगारेट घेतली. पहिल्याच झुरक्याला त्याला असा ठसका लागला की डोळ्यांतून पाणी आले. सगळे हसले. पियूषही हसला. दोन महिन्यांत मी त्याचे हसणे पहिल्यांदाच ऐकत होतो. मग सगळे सरकले आणि तो मधे बसला.

बरणीकडे कोणी हात नेला की पंचफुलाबाई तोंड फिरवायच्या, तशा त्या वेळीही फिरवून होत्या. ठसका ऐकून वळल्या. संध्याकाळी ठेला बंद करताना त्या रुपरावांना एवढेच म्हणाल्या, "मी तिकडे पाहून राहिली होती. पाहिलं असतं तं नसती घेऊ दिली." रुपराव म्हणाले, त्याने दुसरीकडे घेतली असती. पंचफुलाबाईंचे समाधान झाले नाही. त्यांच्या ध्यानात आले होते की नव्या पोराला सिगारेट ओढायची भीती नसते, मागायची असते. आणि त्यांच्या ठेल्यावर मागावीच लागत नव्हती.

पुढे तीन वर्षे त्या पियूषच्या मागे होत्या. तो म्हणायचा, सोडतो मावशी, पेपर झाले का सोडतो. पेपर झाले की म्हणायचा, निकाल लागू द्या. दोघेही हसायचे. पण विचारणे त्यांनी सोडले नाही.

मागच्या वर्षी त्यांना खोकला लागला. मग चार पावले चालले तरी धाप लागू लागली. डॉक्टरांनी रुपरावांना विचारले, घरात कोण ओढते? रुपराव चाळीस वर्षे विडी ओढत होते. घरात, अंगणात, जेवण झाल्यावर. डॉक्टर म्हणाले की विडीचा धूर असेल, चुलीचा असेल, ठेल्यावरचा असेल, एकाच कशाचे नाव घेता येत नाही. दवाखान्याच्या बाहेर येताच रुपरावांनी विडीचे बंडल फेकले. त्यानंतर ओढली नाही. ही गोष्ट ते गिऱ्हाइकांना सांगायचे, आणि सांगून झाल्यावर प्रत्येक वेळी म्हणायचे, पण त्याचा आता काय उपयोग.

डिसेंबरात एकदा पंचफुलाबाई हट्टाने ऑटो करून ठेल्यावर आल्या. अंगावर शाल होती. माझ्यावर बसल्या, थोडा वेळ नुसताच श्वास घेतला आणि रुपरावांना म्हणाल्या, "बाकीच्याईचं मी काही म्हणत नाही. त्या पियूषले सोडवजो. मे महिन्यात जाईन तो, मंग कोण विचारते त्याले."

रुपराव म्हणाले, "सोडवतो."

त्यानंतर त्या आल्या नाहीत.

तेरवी झाल्यावर रुपरावांनी ठेला उघडला. सगळ्यात आधी बरणी फळीच्या खाली नेऊन ठेवली, म्हणजे ज्याला हवी त्याने मागावी. दोन-तीन नवी पोरे मागायला लाजली आणि चहा पिऊन निघून गेली. रुपरावांना तेवढ्यानेही बरे वाटले. पण पियूषने सरळ मागितली. रुपराव म्हणाले, तुला देणार नाही. पियूषने मान हलवली आणि तो पुढच्या पानठेल्यावर गेला. पंधरा दिवस तिकडेच जात होता. सिगारेट सुटली नाही, येणे तेवढे सुटले. रुपराव दर थोड्या वेळाने रस्त्यावर पाहायचे.

मग त्यांनी वेगळा उपाय केला. एका सकाळी मला उलटे करून ठेवले, पाय आकाशाकडे. बसायला जागा नसली तर पोरे थांबणार नाहीत, असा त्यांचा हिशेब. चार दिवस मी तसाच पडून होतो. माझ्या आयुष्यातले तेवढेच चार दिवस कोणी माझ्यावर बसले नाही. पोरांनी उभ्याने ओढल्या. एक जण माझ्या पायाला टेकून ओढत होता. पाचव्या दिवशी रुपरावांनी मला सरळ केले आणि फडक्याने पुसले.

मार्चमध्ये एका दुपारी पियूष आपणहून आला. उन्हामुळे रस्त्यावर कोणी नव्हते. तो माझ्यावर बसला. रुपराव दोन चहा घेऊन आले, एक त्याला दिला आणि शेजारी बसले. त्यांनी त्याला सांगितले की पंचफुलाबाईंनी त्याचे नाव घेऊन काय सांगितले होते. पियूषने ग्लास खाली ठेवला.

"तू काहून ओढतं गा, पियूष? खरं सांग. मी कोणाले सांगत नाही."

पियूष म्हणाला, "काकाजी, मले ते सिगारेट आवडली नव्हती. अजूनही सकाळची पहिली कडूच लागते. धर्मेंद्रनं नाव विचारलं होतं. दोन महिने झाले होते मले येऊन, कोणीच विचारलं नव्हतं. तिकडून सिगारेट आली अन् तिकडूनच नाव आलं. एक ठेवून एक वापस कशी करू?"

"मंग आता? आता तं सारे ओळखते तुले."

"आता हातच जाते. सोडून पाहिली दोनदा. डोकं चालत नाही, कोणावरही ओरडतो." तो थांबला आणि त्याने विचारले, "तुम्ही काहून सुरू केली होती?"

रुपरावांनी तोंड उघडले. तेवढ्यात दोन मोटारसायकली येऊन थांबल्या, कोणीतरी चार चहा सांगितले आणि ते उठले. चहा गाळून होईपर्यंत पियूषच्या तासाची वेळ झाली होती.

एप्रिलमध्ये नत्थू मिस्त्री माझा पाय बसवायला आला. तो पाय मला उलटे ठेवताना हलला होता. काम करता करता दोघे म्हातारे बोलत होते. रुपराव म्हणाले, पोराने मला विचारले आणि मला सांगता आले नाही. नत्थू हसला. म्हणाला, त्यात काय, मला आठवते की. आरामशीनवर रुपराव सोळाव्या वर्षी लागले. तिथे विडी ओढणाऱ्यांना दिवसातून तीन वेळा बाहेर जाऊन बसायची मोकळीक होती, लाकडाजवळ विस्तव नको म्हणून. जो ओढत नसे त्याला बाहेर जायला कारण नसे. तो आत फळ्या उचलत राही. बाहेर सावलीत मोठी माणसे बसलेली, हसणे आत ऐकू यायचे. पंधरा दिवसांनी रुपरावांनी एक विडी मागून घेतली.

"विडी कुठं ओढत होता तू," नत्थू म्हणाला, "सावली ओढत होता."

रुपराव हसले नाहीत. ते म्हणाले, "पंचफुलानं मले तीस वर्षं विचारलं. मी दरवेळी म्हटलं, सवय आहे. हे तिले कधी सांगितलंच नाही. मलेच माहीत नव्हतं म्हण, नाही तं लाज वाटत होती म्हण." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "सांगितलं असतं तं तिनं तेव्हाच मले घराबाहेर सावलीत बसवलं असतं, विडीशिवाय."

नत्थूने खिळा ठोकला आणि सांगितले की हे आता त्या पोराला तरी सांग. रुपराव म्हणाले, सांगतो.

मित्रांनो, मी पुष्कळ विचार करतो. मला बसायला म्हणून बनवले होते. उन्हातून आलेल्या पोरांना आराम मिळावा म्हणून. मग माझ्यावर कडा आणि मध्य कुठून आला? बरणी पाप टाळायला ठेवली होती आणि तिनेच मागायची भीती काढून टाकली. पियूषला त्या दुपारी जे मिळाले ते चांगले होते की वाईट, हेही मला सांगता येत नाही, कारण ते दोन्ही एकाच हातातून आले. पंचफुलाबाईंना जास्त कळत होते असे नाही. पण त्या विचारत राहिल्या.

मला एवढेच सुचते. तुमच्या वर्गात, तुमच्या कँटीनमध्ये कोणी डब्याचे झाकण अर्धे लावून एकटा जेवत असेल. त्याच्याजवळ जा, त्याचे नाव विचारा, गाव विचारा. हात मोकळा ठेवून विचारा. आणि कोणी तुम्हाला नावासोबत दुसरे काही देऊ केले, तर नाव सांगा आणि ते परत करा. तो तेवढ्यावरून सरकून जागा देईल की नाही, मला माहीत नाही. मी पाहिलेले नाही, कारण माझ्यावर तसे करून कोणी पाहिले नाही.

मे महिन्यात पियूषचे पेपर संपले. तो पाया पडायला आला होता. पुण्याला नोकरी लागली म्हणाला. रुपरावांनी त्याला पोहे दिले, प्रवासाचे विचारले, आईबापांचे विचारले. निघताना तो फाटकापर्यंत गेला आणि तिथे त्याने सिगारेट पेटवली. रुपराव इथून पाहत होते. हाक मारता येईल एवढ्या अंतरावर तो होता.

आता जुलै आहे. नवी पोरे आली आहेत. पियूषचा नंबर रुपरावांच्या फोनमध्ये आहे. दुपारी गिऱ्हाईक नसले की ते माझ्यावर बसून तो नंबर काढतात आणि पुन्हा फोन खिशात ठेवतात. आपण विडी काहून सुरू केली, हे त्यांनी पियूषला अजून सांगितलेले नाही.